मिशीवाली सगुणाबाई

औरंगाबादला आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत तेव्हा दुपारच्या वेळी पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका यायच्या. डोक्यावर चुंबळ, हातात छिन्नी-हातोडी आणि गळा असा की गल्लीच्या पार टोकाला झोपलेलं मूल उठून बसावं. ‘टाक्कीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाळी आली की बायाबापड्या आपापले गुळगुळीत झालेले पाटे पुन्हा खरखरीत करून घ्यायला ओट्यावर आणून ठेवायच्या आणि मग सगळी गल्ली टिकटिक करायला लागायची. बाकीच्या पोरी ठिणग्या बघायला भोवती बसायच्या. मी घरात पळायचे आणि ज्वारीच्या कणगीमागे कानांत बोटं घालून बसायचे. लोकांच्या मुली भुताला भितात, पोलिसाला भितात. मी चांगली घोडी झाले तरी छिन्नीला भीत होते, आणि त्याला कारण होती इजिप्त देशाची एक राणी. हे सांगितलं की माझी नातवंडं पोट धरून हसतात. हसू देत बापडी.

घरात आम्ही तिघंच. आत्या, दादा आणि मी. आई माझ्या बाळंतपणात गेली आणि वडील निजामाच्या राज्यात, पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत. वडील कसे गेले हे घरात कुणी कधी पुऱ्या वाक्यात सांगितलं नाही. त्यांचा विषय निघाला की आत्या हातातलं काम टाकून उठायची आणि दाराचा अडसर नीट बसलाय का ते बघून यायची. भर दुपारी, सगळी गल्ली जागी असतानाही. त्यामुळे भीती ही गोष्ट आमच्या घरात मीठ-मिरचीसारखी कायमची भरलेली असायची. येसराच्या आमटीचा वास, चुलीतल्या तुराट्यांचा चटचट आवाज आणि मध्येच अडसर चाचपून बघणारी आत्या, असं माझं लहानपण आहे. तरी मला तेव्हा खरी भीती माहीत नव्हती, कारण आत्या होती. ती दाराशी जाऊन आली की माझ्यापुरतं जग सुरक्षित व्हायचं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सगुणाबाई. खेळण्याच्या वयात लग्न झालं, समज यायच्या आत नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती आलीच. वडील गेले तेव्हा दादा, म्हणजे भास्कर, नुकता चड्डीची नाडी बांधायला शिकला होता. वाळूजकडची आमची जमीन, गावातला आमच्या घराण्याचा मान, सगळं त्या पोराच्या नावावर आलं आणि ते सांभाळायचं आलं आत्यावर. तिनं ते असं सांभाळलं की गावातले मिशीवाले बघत राहिले. दादाच्या शाळेसाठी शहरात बिऱ्हाड केलं, आणि आठवड्यातून एकदा सर्व्हिस मोटारीनं शेतावर जाऊन गड्यांना फैलावर घेऊन यायची. जालन्याहून मोसंबीची रोपं मुळांवरच्या मातीसकट टोपल्यांत घालून बैलगाडीनं आणली. वाटेत प्रत्येक मुक्कामाला आधी रोपांना पाणी आणि मग बैलांना, म्हणून गाडीवान तिच्यावर चिडला होता. 

पोळ्याचा मान ही त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती आमच्या घरची, आणि कासरा धरायचा तो घरच्या कर्त्या पुरुषानं. कर्ता पुरुष तर पाटी-पेन्सिलवाला. बैल उधळला तर पोर तुडवलं जायचं. भाऊबंद म्हणाले, तोवर मान आम्हाला द्या. आत्यानं ओळखलं की एकदा दिलेला मान परत यायचा नाही. तिनं पेटीतून वडिलांचा, गावाच्या नानाचा, पटका काढला, डोक्यावरच्या पदरावरून तो बांधला आणि कासरा धरून चालायला लागली. विधवा बाई, आणि सणाच्या बैलापुढे. गाव तोंडात बोट घालून उभं राहिलं. शेवटी देवळातल्या म्हाताऱ्या गुरवानं मार्ग काढला. “पटका नानाचा हाय,” तो म्हणाला, “खाली डोकं कुणाचं का असंना.” एवढ्यावर गावाची समजूत पटली आणि दरवर्षी तसंच चालू राहिलं. मी तो पटका घातलेल्या आत्याला इतक्या वेळा बघितलं होतं की सगळ्यांच्याच आत्या वर्षातून एकदा पटका बांधतात असं मला वाटायचं.

पुढे तिनं विहीर पाडली. पाणी लागलं त्या वर्षी काठावर दगड बसवायचा ठरला आणि आत्यानं पाथरवटाला स्वतःचं नाव घालायला सांगितलं. त्यानं अक्षरं छान काढली, ‘सगुणाबाई’. पण नावाशेजारी विहिरीच्या मालकाची मूर्ती काढायची आमच्याकडे रीत होती, आणि त्याला एकच मूर्ती येत होती. हात जोडलेला, पटका बांधलेला, चांगल्या पिळदार मिशा असलेला गडी. आत्यानं तो दगड बघितला आणि विचारलं, “ह्यो कोण रं?”

“तुमीच की, बाई. मालक असाच काढत्यात. माझा बाप बी असाच काढायचा.”

आत्या आयुष्यात क्वचित हसली असेल, त्यातलं एक हसू ते. “राहू दे,” ती म्हणाली. “मिशी बरी दिसती मला.”

आता शाळेकडे येते. माझी मुलींची शाळा औरंगाबादच्या जुन्या भागात होती. हल्ली ज्याला क्रांती चौक म्हणतात त्या बाजूनं पायी जावं लागायचं. निजामाचं राज्य गेल्यावर शाळांतून उर्दू हटून मराठी आली आणि मराठी शिकवायला पुण्याकडून बाई-मास्तर आले. आमच्या दातारबाई त्यातल्याच. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. एके दिवशी त्यांनी ते उघडून वर्गभर फिरवलं. चित्रात एक दगडी राजा होता, डोक्याला वस्त्र बांधलेला, हनुवटीला लांब दाढी लावलेला. बाई म्हणाल्या, “नीट बघा. ही बाई आहे.”

मुली खिदळल्या. मी नाही. मला वाटलं, अरे, ही तर विहिरीवरची आत्या.

तिचं नाव हतशेपसुत. राजाची लेक. नवराही राजाच, पण तो अकाली गेला. मागे गादीला वारस म्हणून सवतीचा मुलगा, अगदी लहान. त्याच्या नावानं ही कारभार बघू लागली, आणि काही वर्षांनी तिनं मुकुट स्वतःच्याच डोक्यावर ठेवला. त्या देशात राजाला दाढी असायची, म्हणून हिनं खोटी दाढी बांधली आणि लोकांची समजूत पटली. लढायांपेक्षा तिला बांधण्याचा आणि लावण्याचा नाद. दूरच्या पुंत देशाला तिनं गलबतं धाडली आणि धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून आणवली. आपल्या वेरूळसारख्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी मजल्यावर मजले असलेलं देऊळ बांधलं. एकाच दगडाचे, आभाळात घुसणारे खांब उभे केले. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. टोपल्यांतली झाडं आली तेव्हा तर मला उभं राहून सांगावंसं वाटलं की ही गोष्ट माझ्या घरची आहे. वीसेक वर्षं तिनं राज्य केलं, बाई म्हणाल्या, आणि तोवर तो मुलगा मोठा होत होता.

इथपर्यंत ठीक होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुढचं सांगितलं. राणी गेली, मुलगा राजा झाला, आणि कधीतरी त्यानं माणसं लावून तिचं नाव खरडून काढलं. भिंतीभिंतींवरून, छिन्नीनं. तिच्या मूर्ती फोडून खड्ड्यात टाकल्या. ते उंच खांब तेवढे पाडता येईनात, म्हणून त्यांच्याभोवती भिंत बांधून झाकून टाकले. पुढे हजारो वर्षांनी भिंत ढासळली तर आतली अक्षरं कालच कोरल्यासारखी निघाली, असंही बाई म्हणाल्या, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी छिन्नीपाशी थांबले होते. वर्ग सुटल्यावर मी बाईंना गाठून विचारलं, “त्या मुलानं तिला मारलं का?”

बाई पुस्तक आवरत म्हणाल्या, “ती कशी गेली ते कुणालाच ठाऊक नाही, गं.”

मारलं म्हणाल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. नाही म्हणाल्या असत्या तर हसत घरी गेले असते. कुणालाच ठाऊक नाही, हे वाक्य आमच्या घरातलं होतं. वडिलांबद्दल हेच बोललं जायचं. त्या दिवशी घरी आले आणि दारात दादाच्या चपला बघून मी थोडा वेळ बाहेरच उभी राहिले.

दादा तेव्हा कॉलेजात जायला लागला होता. अबोल मुलगा. ओठावर कोवळी मिशी आलेली आणि ती तो सारखी आरशात बघायचा. मला ती मिशी बघवेना. त्यातच रंगनाथकाकांचं येणं वाढलं. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, पोळ्याच्या मानावर पहिल्यापासून डोळा ठेवून असलेले. ते ओसरीत पान जमवत बसायचे आणि आवाज उगाच खाली आणून बोलायचे.

“आक्का, पोरगं आता जाणतं झालं. औंदा कासरा त्याच्या हाती दे. पटका उतर.”

“त्याचाच हाय,” आत्या म्हणायची. “देनार की.”

“आन् पोळ्याला सोयरिकीचे पाव्हणे येनार हायत. इहिरीवर बैल धुवायला समदा गाव जमतो. मिशीवाल्या बाईचा दगड बघून हसतील लोक. तेवढं नाव काढून भास्कराचं घालू.”

आत्यानं पानाचा डबा उचलून आत नेला. दादा आरशात मिशीच बघत होता. काका जाताना म्हणाले, “आन् तू बी आता थकली. पैठणला खोली बघतो. नाथांच्या पायाशी ऱ्हा निवांत.” त्यांच्या मागं आत्यानं अडसर घातला आणि तो दोनदा हलवून बघितला. मला समजलं की ज्याच्यासाठी तो अडसर होता ते आता घराच्या आतच आलं होतं.

त्यानंतर मी दादाशी बोलणंच बंद केलं. तो ताटावर बसला की मी उठायचे. त्याच्या पावलांचा आवाज आला की मी कणगीमागे जाऊन बसायचे. त्यात बाईंनी गॅदरिंगसाठी मला राणीवरच भाषण दिलं, आणि पाठ करायचं तर मोठ्यानं म्हणावं लागायचं. आत्या भाकरी थापता थापता ऐकायची. नाव खरडण्याची जागा आली की मी थांबायचे. “पुढं म्हण की,” आत्या म्हणायची, “बाई गेली त्या मागं काय झालं?” आणि मी तिच्या पिठाच्या हातांकडे बघत खांबांचं, भिंतीचं, ढासळण्याचं घडाघडा म्हणून टाकायचे. एकदा वळून बघितलं तर दादा दारात उभा राहून ऐकत होता. वाटलं, झालं, याला ठाऊक नव्हतं तेही मीच शिकवलं. गॅदरिंगात ते भाषण मी केलंच नाही. ऐन दिवशी ताप चढला. पण ती पुढची गोष्ट. आधी पोळा आला.

आम्ही आदल्या दिवशीच गावी गेलो. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देऊन झालं. सकाळी घरात पुरण शिजत होतं, वेलदोड्याचा वास सुटला होता, आणि बाहेर घुंगुरमाळा कुणी तरी झटकून बघत होतं. मी पाट्यावर पुरण वाटायला बसले होते. तेवढ्यात शेताकडून आवाज आला. टिक. थोडं थांबून परत, टिक.

मी आधी भीतीनं खाली मान घालून वाटतच राहिले, आणि बऱ्याच वेळानं पुरणाच्या हातानंच पळाले. पावसानं काळी माती अशी झाली होती की पाय उचलेना. एक चप्पल तिथंच राहिली. विहिरीवर काका उभे होते, त्यांच्याशेजारी छिन्नी काखेत मारलेला एक माणूस, आणि दादा उकिडवा बसून थापीनं दगडावर गिलावा ओढत होता. त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. पटका झाकला गेला होता, मिशी झाकली गेली होती. ‘सगुणाबाई’तला शेवटचा ‘ई’ माझ्या डोळ्यांदेखत गेला. दादानं मान वर केली आणि म्हणाला, “मंदे, घरी जा.”

“ब्येस झालं,” काका म्हणाले. “वाळलं की वर तुझं नाव काढू.”

मी घरी आले ती आत्याच्या पदरात तोंड खुपसायला. “आत्या, दादानं तुझं नाव…”

“बघितलं म्या,” ती म्हणाली. ती पूजेचं ताट घेऊन विहिरीवर जाऊन आली होती. तिचा चेहरा रोजच्यासारखाच होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “रडू नको. लेकराला पटका बांधायचाय, अशा येळी रडत नसत्यात.”

मग तिनं तो पटका स्वतःच्या हातानं दादाच्या डोक्याला बांधला. तिला पीळ पाठ होता. दादा मान खाली घालून बसला होता आणि ती त्याच्याभोवती फिरत होती. बांधून झाल्यावर तिनं लांबून बघितलं, एक पीळ सैल वाटला तो परत ओढला. वाजंत्री लागली. दादा कासरा धरून तोरणाखालून गेला, गाव ओरडलं, आणि आत्या पहिल्यांदाच बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिचे हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ते पदरात गुंडाळले.

जेवणं झाली. पाहुणे सुपारी कातरत बसले. काकांनी तेवढ्या माणसांत विषय काढला. “आक्का, पैठणच्या खोलीचं झालं बरं का. उद्या गाडी जुपतो.”

मी खांबाला धरून उभी होते. मला खड्ड्यातल्या फुटक्या मूर्ती दिसत होत्या, त्यांचे हात, त्यांच्या दाढ्या. आत्या गेली तर अडसर कोण बघणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. दादा पटका सावरत म्हणाला, “आत्या आमच्यासंगं औरंगाबादला येनार.”

“आता कामून?”

“मंदीला भेव वाटतं.”

काका हसले. “कशाचं भेव? पोलीस ॲक्शन होऊन जमाना झाला.”

“कशाचं का असंना,” दादा म्हणाला. “लई वाटतं. एकटी ऱ्हायची नाय ती.”

कर्त्या पुरुषाचा पहिला शब्द, पाहुण्यांसमोर. काकांना तो मोडता येईना. अशी आत्या माझ्या भीतीच्या आधारानं घरी परत आली. पण दादाचे पांढरे हात मी विसरले नाही. कारभार त्याच्याकडे गेला. आत्या पुन्हा शेतावर गेलीच नाही. मोसंबी निघाली की एक टोपली घरी यायची, ती वास घेऊन बाजूला ठेवायची. दरवर्षी पोळ्याहून दादा आला की पायांवर पाणी घेईतोवर ती एकच गोष्ट विचारायची, “गिलावा धरून हाय का?” दादा म्हणायचा, “हाय.” मला तिचा राग यायचा. जो गिलावा आपल्याच नावावर फासला त्याची कसली चौकशी करायची! आणि काका म्हणाले होते तसं दादाचं नाव त्या दगडावर कधीच चढलं नाही, हे माझ्या ध्यानात येऊनही मी त्याचा कधी विचार केला नाही. आत्या गेली त्या वर्षीही तिनं विचारलं होतं. दादा तेव्हाही ‘हाय’च म्हणाला.

पुढे वाळूजला कारखाने आले, आमची जमीन गेली. आज तिथं बजाजनगर आहे. विहीर तेवढी बरीच वर्षं तशीच पडून होती. ती बुजवायला मलब्याचे ट्रक लागले तेव्हा दादाचा फोन आला, “मंदे, यिऊन जा.” दादा म्हातारा झाला होता, दम लागायचा. त्यानं गिलाव्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकायला लागला. गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि आतून मिशी बाहेर आली. मग हात, मग नाव. ऊन नाही, पाऊस नाही, मोटेच्या दोराचा घासा नाही. अक्षरांच्या कडा बोटाला लागत होत्या. पटक्याच्या टोकाला तेवढे दोन टवके उडाले होते. दोन टिक मी ऐकल्या होत्या, त्या याच.

“त्या मानसानं सुरू केलं होतं,” दादा म्हणाला. “मी काकाला म्हनलं, छिन्नीनं दिवस जाईल, पाव्हणे येतील. गिलावा मारतो. तुझ्या त्या राणीचे खांब ध्यानात ऱ्हायले होते.”

मी दगडाला हात लावून बसून राहिले. “आत्याला माहीत होतं?”

“तिनंच कालवून दिला की गिलावा. तू पुरण वाटत होती तवा.” मग मोगरी खाली ठेवून म्हणाला, “खोटं कशाला बोलू. थापी फिरवताना मला बी जरा बरं वाटलं होतं. लोक मला बाईचा पोऱ्या म्हनायचे.”

इतकी वर्षं त्याच्या पावलांना भ्याले होते. त्या दिवशी परतताना त्याचा हात धरून मोटारीपर्यंत नेला.

दगड आता माझ्याकडे आहे, बाल्कनीत तुळशीशेजारी. येणारेजाणारे विचारतात, हे आजोबा कोण. नातवंडं परस्पर सांगतात, आजोबा नाहीत, आजीची आत्या आहे. पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका आता येत नाहीत, सगळ्यांकडे मिक्सर आहेत. पण शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी ड्रिल लावलं की मी अजून हातातलं काम टाकून उठते, आधी दाराची कडी बघते आणि मग बाल्कनीत जाऊन दगड बघून येते.